नाकासमोर

पहाटे साडेपाचला पावांची पोती भरून
मी व्हॅन काढते, तेव्हा गालिसियात पाऊस असतोच.
'पडतोय का?' असं इथे कुणी विचारत नाही.
'कुठला?' असं विचारतात:
भुरभुर, आडवा, की नुसताच हवेत लटकलेला.

रेबोर्देलोच्या उतारावर,
खांबांवर उभ्या दगडी कणगीपाशी
रस्ता एकदम डावीकडे वळतो.
वर निलगिरीची झाडं.
त्यांची पानं, कोयत्यासारखी, तेलकट,
डांबराला चिकटून बसतात
भिजलेल्या पत्त्यांच्या जोडासारखी.

मागच्या नोव्हेंबरात इथेच मी स्टिअरिंग फिरवलं
आणि व्हॅन वळली नाही.
चाकं वळली होती, शपथेवर सांगते.
व्हॅन मात्र सरळ, नाकासमोर,
एखाद्या सज्जन माणसासारखी.
मी आणखी फिरवलं.
ती आणखी सरळ.
मग दोन्ही पायांनी ब्रेकवर उभीच राहिले
आणि एर्मितासबाईंच्या कोबीत गेलो आम्ही:
मी, व्हॅन आणि नव्वद पाव.

बाई छत्री घेऊन बाहेर आल्या.
आधी कोबी मोजले, मग पाव.
मग म्हणाल्या, 'तू कुणाची गं?'
(विगोची कॅनरी बंद पडून मी परत आले होते,
त्याला तीनच आठवडे झाले होते.)
'एलादिओची भाची.'
'मग बरोबर. तोही सत्त्याऐंशी साली इथूनच आत आला होता.
तेव्हा बटाटे होते.
तुमच्या घराण्यालाच वळण नाही.'

मामा बटाट्यांबद्दल अवाक्षर बोलला नाही.
रविवारी मला डेअरीच्या आवारात नेलं.
दुधाच्या टँकरांनी गुळगुळीत केलेलं काँक्रीट,
वर पाऊस, आडवा.
'वेगात घे. वळव. हाताला काय लागतंय?'
'काहीच नाही.'
'तेच. लोण्यात चमचा फिरवल्यासारखं झालं की समज,
पुढच्या चाकांची पकड गेली.
आता जितकं जास्त मागशील, तितकं कमी मिळेल.'
'मग करू काय?'
'कमी माग.'

ॲक्सिलरेटरवरून पाय काढ.
झटक्यात नाही,
झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो तसा.
ब्रेकला शिवू नकोस.
आणि वळवलंयस त्यातलं थोडं परत दे.

इथे माझा हात अडायचा.
भिंत समोर येतेय,
आणि हा माणूस म्हणतो भिंतीकडे फिरव!
दहा वेळा अडला, पंधरा वेळा अडला.
मामाने दोन सिगारेटी संपवल्या, काच बंद ठेवून.
मग कधीतरी, बहुधा कंटाळूनच,
मी बोटभर परत दिलं
आणि पाण्याखालून कुठूनसा
रस्ता वर आला, चाकांना लागला.
व्हॅनने नाक हळूच आत घेतलं.

'भिंतीकडे बघत होतीस,' मामा म्हणाला.
'बघशील तिथे जाशील.'
आणि घरी परतताना, फाटकाशी:
'तशी आधीच सावकाश आली असतीस
तर यातलं काहीच लागलं नसतं.'
त्यासाठी अख्खा रविवार.

परवा त्याला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेत होते.
मागे पाव, शेजारी मामा, मांडीवर कागदांची फाइल.
फाटकांना टांगलेल्या पिशव्या वाऱ्यावर उलट्यापालट्या.
कणगीपाशी नाक सुटलं.
स्टिअरिंग हलकं. लोणी.
मी पाय उचलला, बोटभर परत दिलं,
पलीकडच्या वळणाच्या शेवटाकडे बघत राहिले,
वाट बघत राहिले. किती?
एक श्वास असेल. लांबच वाटला.
लागली पकड. वळलो.

तेव्हा कुठे शेजारी पाहिलं.
मामाचा उजवा पाय पायपुसणं दाबून होता,
जिथे त्याच्यासाठी कुठलाच ब्रेक नव्हता.
एक हात दारावरच्या कडीला,
आणि डोळे, धूसर, मोतीबिंदूचे,
सरळ एर्मितासबाईंच्या कोबीवर.

मी काही बोलले नाही.
पूल ओलांडला. वायपर दोनदा करकरला.

'इथे पूर्वी,' मामा म्हणाला,
'बटाटे असायचे.'